चष्मा काढून केलेली सही

लायसन्सच्या ऑफिसात फोटोसाठी मालिनी मावशींनी चष्मा काढला, आणि त्या अडीच मिनिटांत केदारने त्यांचं नाव अमेरिकेच्या मतदार यादीत घालून टाकलं.

हेतू वाईट नव्हता. केदारचा हेतू कधीच वाईट नसतो, घोळ तेवढे जातिवंत असतात. २००४ चा उन्हाळा. मिशिगनमधल्या नोव्हाय गावाच्या त्या ऑफिसात रांग दारापर्यंत आलेली आणि केदारची दोन वाजता मीटिंग. मावशी पांढऱ्या पडद्यासमोर चष्म्याविना, गंभीर चेहरा करून बसल्या होत्या. खिडकीतल्या बाईंनी एका दमात विचारलं: पत्ता हाच का, अवयवदान करणार का, मतदार म्हणून नोंद करायची का? मावशींच्या वतीने केदार म्हणाला, "येस, नो, येस."

केदारसारख्या मूर्तिजापूरच्या माणसाला मतदार कार्ड म्हणजे काय ते पक्कं माहीत असतं. मत देणं राहिलं बाजूला. गॅसचं कनेक्शन, मोबाइलचं सिम, बँकेचं खातं, सगळीकडे तेच दाखवायचं. फुकट मिळतंय तर सोडा कशाला? फॉर्मवर चौकट दिसेल तिथे त्याने खूण केली. त्यातली एक चौकट "मी अमेरिकेची नागरिक आहे" अशी होती, हे त्याने वाचलंच नाही. मग मावशींचं बोट धरून जागा दाखवली. "इथे सही."

मावशींनी केली.

मावशी केदारच्या नात्यातल्या नव्हेत. आसावरीच्या घराचं तळघर त्याने भाड्याने घेतलं होतं, आणि मावशी आसावरीच्या आई. मुलीने ग्रीन कार्डावर २००१ मध्ये आणलेल्या. त्याआधी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या शाळेत, एकतीस वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. मार्क सगळे इतिहासाला, नागरिकशास्त्राला उरलेसुरले वीस. सगळा वर्ग इतिहासाच्या मागे, मावशी त्या विसांच्या मागे. "वाचल्याशिवाय सही करू नये" हे वाक्य त्या वर्षाच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत आणि शेवटच्या तासापर्यंत पुसू देत नसत.

निवडणुकीची ड्यूटी त्यांनी सात वेळा केली. एका खेड्यात पाटील आले आणि म्हणाले, "बाई, आई म्हातारी झाली, तिचं मत मीच टाकून देतो. कोण बघतंय?"

"आई आहे ना? मग आईला आणा."

पाटलांनी आवाज चढवला, तहसीलदाराचं नाव घेतलं. बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. शेवटी म्हातारीला बाजेवर घालून आणावं लागलं. तिने आत जाऊन कुणाला मत दिलं ते पाटलांना मरेपर्यंत कळलं नाही.

अशा बाईच्या नावे तीन आठवड्यांनी टपालाने कार्ड आलं. मावशींनी ते उलटसुलट करून पाहिलं. "केदार, मी इथली मतदार कशी रे?"

"मावशी, ओळखपत्र आहे हो ते. पर्समध्ये ठेवा, कुठे ना कुठे कामी येईल."

नोव्हेंबरात आसावरी आणि जावई शाळेत मतदानाला गेले तेव्हा मावशी गाडीतच बसून राहिल्या. पर्समध्ये कार्ड होतं. उतरल्या नाहीत. म्हणाल्या, "पाहुण्याने पंगतीत बसावं, मुदपाकखान्यात हुकूम सोडू नयेत."

मग २००६ उजाडलं आणि कार्ड खरंच कामी आलं.

यवतमाळला मावशींची धाकटी बहीण सुनेत्रा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली. लग्न केलेलं नाही, मागेपुढे कुणी नाही. मावशींना तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं, महिना-पंधरा दिवस नव्हे, लागेल तेवढं. पण ग्रीन कार्डावर सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की परत येताना विमानतळावर उलटतपासणी, आणि वर्ष उलटलं तर कार्डावर पाणी सोडायचं. इकडे लेक आणि नात, तिकडे बहीण. नागरिकत्व घेतलं तर मात्र हवं तितकं राहा, कुणी विचारत नाही. म्हणजे यवतमाळला जाऊन राहण्यासाठी मावशींना आधी अमेरिकन होणं भाग होतं.

नागरिकत्वाच्या अर्जासाठी लागणारी पाच वर्षं पुरी झाली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ज भरायला कोण बसला, तर फॉर्म भरण्यात पटाईत केदार.

"मावशी, कम्युनिस्ट पक्षात होतात का?"

"नाही."

"सवयीच्या दारुड्या आहात का?"

"अजून नाही. तुझं ड्रायव्हिंग असंच राहिलं तर बघू."

"अमेरिकेत कधी मतदार म्हणून नोंद केली आहे?" हे विचारता विचारताच केदारने "नाही"च्या चौकटीवर पेन टेकवलं.

"थांब," मावशी म्हणाल्या. पर्स उघडून त्यांनी ते कार्ड टेबलावर ठेवलं. दोन वर्षं जपून ठेवल्याने त्याची एक कडही दुमडली नव्हती.

भाजी परतणाऱ्या आसावरीने गॅस बंद केला. "केदार, यू डिड व्हॉट?"

"नो लिहू," केदार घाईने म्हणाला. "कोण बघायला जातंय? दोन वर्षं झाली."

"पाटील असंच म्हणाले होते," मावशी म्हणाल्या.

आसावरीने गाठलेल्या इमिग्रेशनच्या वकीलबाईंनी कार्ड पाहिलं आणि कुणी मेलं की काय अशा चेहऱ्याने सगळ्यांकडे पाहिलं. नागरिक नसताना नागरिक आहे म्हणून सही करणं हा इथे साधा घोळ नव्हे. नागरिकत्व नाकारलं जाईल, आणि सरकारने मनात आणलं तर असलेलं ग्रीन कार्डही जाईल. खोटं लिहिलेला अर्ज वकीलबाई पाठवणार नव्हत्या. नाव यादीतून काढून घ्या, एकदाही मत दिलं नाही याचं पत्र मतदार यादी सांभाळणाऱ्या क्लार्ककडून आणा. "आणि ज्याने खुणा केल्या त्याने तसं लिहून दिलं तर मदत होईल. पण त्याने वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय लिहू नये." मग वही उघडून विचारलं, "कोण होतं बरोबर?"

खोलीत चौघं होती. केदारचा स्वतःचा ग्रीन कार्डाचा अर्ज दोन वर्षांपासून पडून होता आणि नोकरीच्या एच-वन व्हिसाचं शेवटचं वर्ष चालू होतं. त्याने चपलांकडे बघितलं.

"होता एक ओळखीचा," मावशी म्हणाल्या.

परत येताना, गाडी घरासमोर थांबल्यावर केदारने विचारलं, "मावशी, नाव का नाही सांगितलंत?"

"नागरिकत्वाच्या परीक्षेच्या शंभर प्रश्नांचा अभ्यास करतेय ना मी? इथल्या घटनेची पाचवी दुरुस्ती. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही. सरकारला जे करता येत नाही ते मी कशी करू?"

यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर केदारला बरं वाटलं असतं.

"शिवाय मीही सही केली. न वाचता. एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं आणि स्वतः आंधळ्यासारखी सही केली." त्या दार उघडून उतरल्या, आणि परत वाकून म्हणाल्या, "तू काय केलंस कळलं का तुला? कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, चूक झाली का ते सांगणारे वेगळे, असं या लोकांनी सव्वादोनशे वर्षांपूर्वी ठरवलं. का? तर एका माणसावर सगळं सोपवू नये म्हणून. माणूस भला असला तरी. त्या ऑफिसात तू एकटाच तिन्ही झालास. ठरवलंस तू, खूण केलीस तू, आणि बरोबर आहे हा निकालही तूच दिलास."

"चुकलो, मावशी."

"शिक्षा आहे. आपल्या घटनेची उद्देशिका दहा वेळा लिहायची. हाताने. 'आम्ही भारताचे लोक'पासून. येते ना?"

येत नव्हती. शाळेच्या प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला ती छापलेली असायची हे खरं, पण ते पान केदारच्या वर्गात शाई नीट येते का हे बघायला वापरत.

क्लार्कचं पत्र आलं. अर्ज खरा भरून गेला. बोटांचे ठसे झाले, मुलाखतीची तारीख आली. यवतमाळहून फोन येत होते, सुनेत्राबाईंचं बोलणं आता तुटक झालं होतं. केदार घरात पाऊल न वाजवता वावरायला लागला. स्वतःच्या वकिलाला त्याने फोन केला, तो म्हणाला, "लिहू नकोस." हे उत्तर त्याला हवं होतं, आणि मिळाल्यावर चार दिवस जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने ऑफिसात बसून अर्धं पान लिहिलं: मी बरोबर होतो, मी विचारलं नाही, मी वाचलं नाही, खुणा माझ्या आहेत. चार वेळा वाचलं. मग बँकेत जाऊन नोटरीसमोर सही केली. नोटरीने कागदाकडे ढुंकूनही न पाहता शिक्का मारला. केदारला वाटलं होतं निदान भुवई तरी उंचावेल.

मुलाखतीच्या सकाळी डेट्रॉइटच्या वाटेवर त्याने लिफाफा मावशींच्या मांडीवर ठेवला. मावशींनी चष्मा लावला, कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. "'रिसीव्ह'मध्ये आय कुठे नि ई कुठे ते एकदा शिकून घे," म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड केलं.

मावशी वकीलबाईंबरोबर आत गेल्या. केदार बाहेर बसला. वीस मिनिटं झाली, तीस झाली. नंतर आलेली माणसं हसत बाहेर पडत होती. चाळिसाव्या मिनिटाला वकीलबाईंनी दारातून त्याला बोटाने आत बोलावलं.

आतला अधिकारी पन्नाशीचा होता, टक्कल, समोर केदारचा कागद. मावशी ताठ बसल्या होत्या, तपासणीला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यासमोर बसावं तशा.

"ही सही तुमची?"

"होय."

"या नागरिक नाहीत हे तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"मग?"

केदारने सांगितलं. गॅस, सिम, बँक. आपल्याकडे या कार्डाचं काय काय होतं. इंग्रजीत सांगताना ते सगळं इतकं खुळचट वाटलं की मध्येच तो थांबला. अधिकाऱ्याने काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग पेन खाली न ठेवताच मावशींना परीक्षेचे प्रश्न विचारायला लागला. घटना म्हणजे काय? देशाचा सर्वोच्च कायदा. घटना बदलता येते का? येते. युद्ध कोण पुकारतं? काँग्रेस.

मग तो थांबला. यादीकडे बघितलं, मावशींकडे बघितलं. प्रश्न टाळता आला असता, पण त्याने विचारलाच. "अमेरिकन नागरिकाचा सगळ्यात महत्त्वाचा हक्क कोणता?"

केदारने डोळे मिटले. यादीतलं उत्तर त्याला पाठ होतं, त्यानेच मावशींकडून घोकून घेतलं होतं.

"द राइट टु व्होट," मावशी म्हणाल्या. आणि मग, न विचारता, "आय सॅट इन द कार, सर."

निकाल त्या दिवशी लागला नाही. हातात दिलेल्या कागदावर "निर्णय अद्याप नाही" या चौकटीत खूण होती. मावशींनी ती खूण दोनदा वाचली.

अकरा आठवडे टपालवाल्याची गाडी वळणावर आली की घरातलं बोलणं थांबे. मार्चमध्ये पत्र आलं, मंजूर. शपथ झाल्यावर सभागृहाबाहेरच एका टेबलावर मतदार नोंदणीचे फॉर्म ठेवले होते. सवयीने केदारचा हात पेनकडे गेला. "हात मागे," मावशी म्हणाल्या. फॉर्मची पुढची बाजू, मागची बाजू, तळातली बारीक अक्षरं, सगळं वाचून झालं तोवर मागे सतरा माणसांची रांग लागली. मग त्यांनी सही केली.

नंतर अमेरिकेचा पासपोर्ट आणि त्यावर भारताचा व्हिसा, याला आणखी दोन महिने गेले. सुनेत्राबाई तोवर थांबल्या होत्या. बोलणं गेलं होतं, पण ओळखत होत्या.

आता मावशी यवतमाळहून दर रविवारी फोन करतात. नातीशी बोलतात, आसावरीशी बोलतात, मग म्हणतात, "त्याला दे." केदारचा ग्रीन कार्डाचा अर्ज अजून पडूनच आहे, त्या पत्रामुळे की नुसताच, कुणी सांगत नाही.

"उद्देशिका किती झाल्या लिहून?"

"सात."

"मागच्या रविवारी?"

"सातच होत्या," केदार म्हणाला.