बावखलाच्या काठी

पापडीच्या वाडीत दिनानाथ राऊतांनी उभं आयुष्य केळी आणि मोगऱ्यात घालवलं. विहिरीचं पाणी मचूळ झालं, केळी गेली; मोगऱ्याचे चार वाफे उरले. मग त्यांनी घरावर दोन खोल्या चढवल्या आणि शनिवार-रविवारी पाहुण्यांना द्यायला लागले. पाहुणे जवळचा किल्ला बघत, कोंबडी-वडे खात आणि संध्याकाळी कंटाळत.

एकदा तुंगारेश्वरच्या डोंगरातून उतरलेला बिबट्या त्यांच्या बावखलावर, वाडीतल्या जुन्या तळ्यावर, पाणी प्यायला आला. गच्चीवरच्या पाहुणीनं त्याचं शूटिंग केलं आणि ते सगळीकडे फिरलं. त्यानंतर फोन करणारा प्रत्येक जण विचारी, "काका, दिसेल ना?"

दिसावा म्हणून दिनानाथ रोज तिन्हीसांजेला कोंबड्यांची मुंडकी, पाय काठावर टाकू लागले. बायकोला, नर्मदाबाईंना, म्हणत, "खताच्या खड्ड्यात टाकून येतो." बिबट्या येत राहिला. आळीतली कुत्री कमी होत गेली. भुंकणं थांबलं तशी लोकांना झोप बरी लागू लागली, म्हणून कोणी चौकशी केली नाही.

मोगऱ्याची कळी उमलायच्या आत खुडावी लागते. नर्मदाबाई उजाडण्याआधीच डोक्याला बॅटरी बांधून वाफ्यात वाकत. एके दिवशी पाणी सोडताना दिनानाथांना त्या वाफ्यात, बायकोच्या पावलांशेजारी, पंजा उमटलेला दिसला. त्या दिवसापासून त्यांनी काठावर टाकणं बंद केलं. ती भूक मग घराकडे निघाली.

"मागची कोंबड्यांची करंडी कोणी उपडी केली?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"कुत्र्यानं."

"कुठल्या? एक तरी उरलंय का आळीत?"

दिनानाथ ओटीवर बसले. "उद्या कळ्या राहू दे," म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं.

नर्मदाबाई ओरडल्या नाहीत. "मी वाकलेली असते तेव्हा त्याला काय वाटत असेन हो? शेळी?"

"वनखात्याला कळवतो. पाहुण्यांनाही नको म्हणून सांगतो."

"ते तर वर येऊन बसलेत. वनखातं येईल तेव्हा येईल, फुलवाला सकाळी दारात उभा राहणार. उद्या तुम्ही खुडा. मी काठी घेऊन पायरीवर थांबते."

पहाटे दिनानाथ डोक्याला बॅटरी बांधून वाफ्यात वाकले. कितीतरी वर्षांनी. गुडघे कुरकुरले. कळ्या बोटांना गार लागत होत्या. वर गच्चीत खुर्च्या हळूच सरकल्या. मागे केळीच्या जुन्या खुंटांत काहीतरी हललं आणि थांबलं. नर्मदाबाईंची काठी पायरीवर एकदा आपटली.

"काका," वरून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बॅटरी बंद करा ना. शूटिंगच्या मध्ये येतेय."

दिनानाथांनी कंबर सरळ करायला घेतली. ती होईना.