चेडवाचं गाऱ्हाणं

सावंतकाकी रोज सकाळी एका पिंजऱ्यापुढे गाऱ्हाणं घालायच्या. कोकणात गावच्या देवळात देवाला घालतात तसं, हात जोडून, खणखणीत आवाजात. आम्ही चार स्वयंसेवक माना खाली घालून दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचो. पुटपुटणाऱ्याला काकी चहा देत नसत.

पिंजऱ्यात सर्व्हल होतं, आफ्रिकेतलं लांब पायांचं, ठिपक्यांचं रानमांजर. वरळीच्या एका बिल्डरने चोरून आणवून फ्लॅटमध्ये ठेवलेलं. जप्त होऊन शिवडीच्या जुन्या गोदामातल्या आमच्या केंद्रात आलं, तेव्हा पुढच्या पंजांना नखंच नव्हती. पेरासकट काढलेली. मांस धरता येईना, घास निसटायचा. काकींनी लालबागला तीस वर्षं खानावळ चालवलेली. त्या कोंबडीचे बारीक तुकडे करून चिमट्याने भरवायच्या आणि लेकीला म्हणावं तसं म्हणायच्या, "खा गो माझ्या चेडवा. त्या बिल्डराक मिया बघतंय."

एकदा मी म्हटलं, "काकी, त्या बिल्डरचा राग सोडून द्या ना आता."

"माफी देवाचा काम. माका येळ नाय."

मग बिल्डरने मांजर परत मागितलं. चौकशीला वनखात्याचे साहेब आले, मागोमाग तो बिल्डर शेट. म्हणाला, "साहेब, मुलीसारखी वाढवली हो. नखं मी घेतली तेव्हाच नव्हती." बनवलेले कागदही व्यवस्थित होते. साहेब मान डोलावू लागले.

काकींनी गोड आवाजात विचारलं, "शेटनू, गाव खंयचा?"

"कुडाळकडचं."

"मगे हात जोडा. आमचा रोजचा गाराणा रवलाहा."

शेटने हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्या मुक्या लेकरांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेटचा आवाज आमच्यापेक्षा मोठा.

"इल्या-गेल्याची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या चेडवाची नखां ह्याच शेटान काढल्यान, तेच्या हातात घास रवाचो नाय असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

साहेबांनी चष्मा काढला. "काय म्हणालात?"

"सवय हो, साहेब! लहानपणापासूनची..." शेटला घाम फुटला. "आणि करणार काय? दोन लाखांचा सोफा फाडला तिने!"

अर्ज तिथेच निकालात निघाला. काकींनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मला इतका आनंद आयुष्यात क्वचितच झाला असेल, आणि त्याची लाज वाटत नाही.

यंदा शिमग्यानंतर काकी गेल्या. इस्पितळात माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "चेडू मेला तरी गाराणा बंद करू नको गो."

चेडूही दोन महिन्यांत गेलं. शेवटी माझ्या हातून काही खाईना.

परवा पेपरात शेटचा फोटो होता, कुठल्याशा टॉवरची फीत कापताना. मी भिंग घेऊन पाहिलं. कात्री नीट धरली होती, दहाही बोटं शाबूत. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या पिंजऱ्यापुढे मी हात जोडले आणि काकींपेक्षाही मोठ्याने सुरुवात केली.