डाव्या हाताची अक्षरं

आरोग्य केंद्राच्या नर्सबाई मी शिकवते त्या आठवीच्या वर्गात वयात येण्याबद्दल सांगायला आल्या. "पोरींनो, नाव नको, फक्त प्रश्न लिहा," म्हणाल्या. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मुलींनी डाव्या हाताने लिहिलं. एका चिठ्ठीत होतं, 'मला अजून पाळी आली नाही. माझ्यात काही कमी आहे का?'

नर्सबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "नाही गं बाळा. मलाही उशिरा आली. पंधरा पूर्ण होऊनही आली नाही, तर ये, तपासू."

हे शिकवल्याने मुलं बिघडतात म्हणणाऱ्यांनी ती वाकडी अक्षरं एकदा पाहावीत. आपल्याच शरीराची चौकशी पोरींनी अशी चोरून का करावी?

तास संपल्यावर वर्गातली सुरेखा नर्सबाईंपाशी आली.

"ती चिठ्ठी माझी. मागे उत्तर लिहून द्या ना. आईला दाखवायचंय, ती रोज रडते."