तांबूची समजूत

इंजिनाची इतकी मनधरणी करणारा माणूस अख्ख्या मुळशीत दुसरा नसेल. आमचे थोरले दीर माणसांशी दोन शब्द बोलतील तर शपथ. पण होडीच्या मागं लावलेल्या त्या जुन्या तांबड्या मोटारीशी त्यांचं दिवसभर चालायचं. तिचं नाव त्यांनी तांबू ठेवलं होतं. सकाळी तिला फडक्यानं पुसायचे, थंडीत तिच्यावर घोंगडी घालायचे, आणि ती घोंगडी घरातली सगळ्यांत चांगली असायची. होडीत चढताना कुणाचा पाय मोटारीला लागला, तर त्याला तिच्या पाया पडायला लावायचे. एका पावसाळ्यात पेट्रोलच्या टाकीत पाणी शिरलं आणि तांबू बंद पडली, तेव्हा भावजी जेवले नाहीत. पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्यांनी टाकीच्या बुचावर दुधाची रिकामी पिशवी चढवली आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी अशी आवळली, की मुंगी शिरायची नाही.

त्यानंतर तांबूचा जोर गेला. काठावरून झोकात निघायची आणि मध्यावर गेली की दमायची. भावजींनी प्लग बदलले, कार्बुरेटर धुतला, पंख्यात गवत अडकलंय का बघायला गारठ्यात पाण्यात उतरले. शेवटी तिला पोत्यात गुंडाळून एसटीनं पिरंगुटला नेलं. तिला खिडकीशी बसवलं, स्वतः उभे राहिले. तिथल्या मिस्त्रीनं पाण्याच्या पिंपात धरून, आपल्याकडची टाकी जोडून चालवली, तर ती नव्यासारखी चालली. घरी येऊन भावजी सासूबाईंना म्हणाले, "आये, तिला पिरंगुटची हवा मानवतीया. हितं करमत न्हाई तिला."

"मग तिकडंच दे की तिला," सासूबाई म्हणाल्या. "नांदंल सुखानं."

मग भावजींनी स्वतःच औषध काढलं. मोटार दमली की बूच उघडायचं, आत डोकावायचं, चार गोड शब्द बोलायचे. बूच उघडताना सुस्स आवाज यायचा. "बगा, रुसवा भायेर पडला," असं म्हणून ते पिशवी पुन्हा आवळून बांधायचे. तांबू चालायची, पण थोडाच वेळ. आम्ही पदराआड हसायचो.

एका दुपारी मात्र सासूबाईंना दम लागला, आणि हसणं सरलं. दवाखाना धरणाच्या पलीकडं, आणि रस्त्यानं वळसा घालायचा तर फार वेळ गेला असता. आमचे हे पलीकडच्या काठावर जीप घेऊन थांबले होते. होडीत आम्ही तिघंच. सासूबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्यांची छाती भात्यासारखी हलत होती. मध्यावर आलो, वारा सुटला, आणि तांबू पुटपुटायला लागली. होडी आडवी वाहायला लागली.

"तांबू, आज नगं गं," भावजी म्हणाले. "म्हातारीला पोचीव. मग म्हयनाभर रूस." त्यांनी बूच उघडलं, सुस्स झालं, पिशवी आवळली. थोडं पुढं जाऊन पुन्हा तेच. सासूबाईंचे ओठ काळेनिळे दिसायला लागले.

तो सुस्स आवाज माझ्या ओळखीचा होता. आई मेलेल्या करडाला मी बाटलीनं दूध पाजते. निपल फार घट्ट बसलं तर दूध येईनासं होतं, करडू ओढून ओढून थकतं. जरा सैल केलं की सुस्स करून हवा आत जाते आणि दूध सुटतं. इथंही तेच होत असणार. पण सांगू कसं? लग्न होऊन आल्यापासून थोरल्या दिरांशी मी समोरासमोर बोलले नव्हते. जे सांगायचं ते सासूबाईंकडे तोंड करून, आणि त्या पुढं सांगणार. आज त्यांना शब्द फुटत नव्हता. मी पदर पुढं ओढला आणि मोटारीकडे तोंड केलं.

"तांबूबाई, बुचावरची पिशवी काढा म्हणावं. आत हवा जात न्हाई, म्हणून जीव घुसमटतोय तुमचा."

भावजी माझ्याकडे नाही, मोटारीकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "तांबू, धाकलीला इचार, पाणी शिरलं म्हंजे?"

"तांबूबाई, आभाळ कोरडं हाय म्हणावं. आणि सासूबाई लई दमल्यात."

त्यांनी ट्यूबची पट्टी दातांनी तोडली, पिशवी पाण्यात फेकली, बूच सैल ठेवलं. तांबूनं जो आवाज धरला, तो काठाला लागेपर्यंत सोडला नाही. दवाखान्यात सासूबाईंच्या नाकाला नळी लावली. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा, शेळ्या बांधल्या का, हे विचारलं.

आता त्या घरीच असतात, अंगणाच्या पुढं जात नाहीत. त्या खोकल्या की भावजी हातातलं टाकून, तांबू तयार आहे ना बघायला काठावर पळतात. खालून तांबू एकदा सुरू करून बंद केल्याचा आवाज येतो. तो ऐकू आला की माझा जीव भांड्यात पडतो. पण हल्ली खोकल्याची उबळ आली की सासूबाई तोंडात पदर कोंबतात आणि डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगतात. पोराला उगाच पळायला नको म्हणून. मी त्यांची पाठ चोळत राहते, आणि माझं लक्ष खाली काठाकडे असतं.