धोंडाआजीचं अर्धं

धोंडाआजी एकटीनं काही खात नसे. पेरू मिळाला की दातानं तोडायची आणि अर्धा शेजारणीच्या हातावर ठेवायची. मी ओरडायचे, "अहो आजी, उष्टं कशाला देता?" तर म्हणायची, "एकटीला मला गिळत न्हाई गं बाई. आन् माझ्या उष्ट्यानं कोण मेलंय आजवर?" मंचरजवळच्या वृद्धाश्रमात मी सिस्टर होते, त्या काळातली ही गोष्ट. आजी येडगावकडची, जन्म मेंढरांमागं हिंडण्यात गेलेला. रानात एकाची भाकरी एकट्याची नसते, तीच सवय ती इथं घेऊन आली होती.

शेजारच्या खाटेवर महाळुंगे पडवळच्या पार्वतीबाई. दोघींचं भारी मेतकूट. त्या श्रावणात पार्वतीबाईंच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. आजीलाही पूर्वी यायच्या. मधुमेहावरची, म्हणजे साखरेची गोळी सुरू झाली आणि तिला आराम पडला. झालं! गोळ्या तेव्हा सकाळीच वाटीत घालून ज्याच्या त्याच्या उशाशी ठेवायची पद्धत. कोण काय गिळतंय, बघतंय कोण?

सोमवारी पार्वतीबाईंचा कडक उपास. दुपारी हाका मारल्या तर ओ देईनात, अंग घामानं थबथबलेलं. जीपमधून मंचरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर पार उतरलीय, यांना साखरेची गोळी दिली कुणी? सलाईन लावलं, सगळं केलं. पार्वतीबाई शुद्धीवर आल्याच नाहीत.

परतले तेव्हा आजी दारातच उभी होती. काय झालं ते सांगितलं, तशी मट्‌कन खाली बसली. "म्या दिली गं. माझ्यातली अर्धी मोडून दिली. मला लई गुण आला व्हता." तिच्यावर कसं रागवायचं, सांगा! मला संताप आला तो त्या मेल्या वाट्यांचा.

वाट्या बंद झाल्या. ज्याची गोळी त्याच्याच हातावर, आणि गिळेपर्यंत आम्ही समोर उभ्या. बाकीचे कुरकुरायचे. आजी मात्र न सांगता आ करायची, जीभ उचलून दाखवायची. "नीट बघ पोरी. माझा भरवसा धरू नको." पेरू मात्र उशाशी अख्खाच सुकायचा. "द्या की कुणाला, आजी." "नको बाई. माझ्या हातचं नको कुणाला." मला फार वाईट वाटायचं.

पुढं ती अंथरुणाला खिळली. एका सकाळी मी पेरू चिरून नेला. फोड हातात धरून तिनं मला विचारलं,

"तुला कसलं दुखणं न्हाई ना गं?"

"नाही, आजी."

"कसली गोळीबिळी?"

"काही नाही हो."

तिनं फोड मोडली, अर्धी माझ्या तोंडात घातली. "आता आ कर. गिळलंस का, दाव."

मी आ केला. तिनं नीट निरखून बघितलं, आणि मगच उरलेली अर्धी आपल्या तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी गोळी घेऊन गेले. आजीचं तोंड उघडं होतं. मला वाटलं, नेहमीसारखा आ केलाय. जवळ गेले, हाक मारली, आणि गोळी माझ्या हातातच राहिली.