फाईल त्याच्याच नावावर होती

माझ्या लहानपणी आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील लोणावळ्यात एका छापखान्यात कामाला होते. संध्याकाळी येताना ते बिघडलेल्या छपाईचे गठ्ठे घेऊन यायचे आणि मी त्यांवर वाचायला शिकले. त्यामुळे काहीही दिसलं की आधी अन्याय कुठे आहे आणि तो करणारा कोण, हे शोधायची सवय लागली. करणारी आपणच असू, ही शक्यता मी एकाही पत्रकात वाचली नव्हती.

नवलाख उंबरे या गावी पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आमच्या संघटनेचं ऑफिस होतं. ठेकेदाराकडून कारखान्यात जाणाऱ्या बायकांची हजेरी आम्ही तिथे नोंदवायचो. ठेकेदार त्यांना कसलाच कागद देत नाही. गेटवरच्या यंत्रातून रोज एक गुळगुळीत चिठ्ठी निघते, तिच्यावर नाव, तारीख आणि वेळ. चार-पाच महिन्यांत त्या कागदावरची अक्षरं उडून जातात, उन्हात ठेवला तर त्याहून लवकर. म्हणून बायका आठवड्याच्या चिठ्ठ्या आणून द्यायच्या आणि आम्ही त्या संगणकात चढवायचो.

ही कल्पना माझी नव्हती. बेडशाच्या एका मित्राची होती. दान मिळालेल्या संगणकावर, त्याहूनही जुन्या डेटाबेसमध्ये त्यानं सगळे तक्ते बांधले. कोणी नोंद करायची, कोणी फक्त बघायचं, कोणी चुका दुरुस्त करायच्या, हे प्रत्येकाच्या नावानं ठरवलं. दर शनिवारी तो गाडीवरून यायचा आणि चिठ्ठ्या चढवून त्यांचा डबा रिकामा केल्याशिवाय उठायचा नाही.

मग त्यानं एका कारखान्यात सुपरवायझरची नोकरी धरली. मी त्याच्यावर पत्रक काढलं. नाव लिहिलं नव्हतं, पण गाडीचा रंग लिहिला होता. त्याच बैठकीत मी ठराव मांडला की आपल्याकडे कोणी मुख्य नाही आणि कोणी दुय्यम नाही. संगणकात त्याचे सगळे अधिकार काढले आणि उरलेल्यांना सारखे दिले. संघटनेचं नावही बदललं, जुनं मला मवाळ वाटायचं. फक्त तक्त्यांच्या मालकाच्या जागी त्याचं नाव राहिलं, ते काही केल्या पुसलं जाईना. मी ते तसंच सोडून दिलं. ही दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट.

उन्हाळ्यात संगणक फार रेंगाळायला लागला. मी तो लोणावळ्याला बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं विचारलं, "डेटा कुठला ठेवायचा?"

मी हजेरीची फाईल दाखवली.

"अजून काही?"

"बाकी सगळं पुसा," मी म्हणाले. मला पत्रक छापायला जायची घाई होती.

दोन दिवसांनी ऑफिसात फाईल उघडायला गेले, तर परवानगी नाही असा संदेश आला. कुठल्याही तक्त्यावर टिचकी मारली तरी तोच. त्याच आठवड्यात मावशी आली. सगळे तिला मावशीच म्हणायचे, ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. ठेकेदार बदलणार होता, आणि ज्यांची वर्षभराची सलग हजेरी आहे त्यांनाच नवा ठेवून घेणार होता. जुन्यानं लिहून दिलं होतं की मावशी दिवाळी ते होळी आलीच नाही. चार दिवसांनी कामगार खात्याच्या साहेबांपुढे सुनावणी होती.

"माज्या चिठ्ठ्या हायत ना तुज्याकडं?" तिनं विचारलं.

"संगणकात आहेत, मावशी."

"मग काडून दे कागद. म्या एक बी खाडा केला न्हाई. सासू वारली तवा बी तिसऱ्या दिशी भांड्याला होते."

मी पुन्हा लोणावळा गाठलं. दुकानदारानं फाईल उघडून पाहिली आणि खुर्ची मागे सरकवली.

"मॅडम, फाईल एकदम शाबूत आहे. ती तुम्हाला ओळखत नाही, एवढंच. ह्या जुन्या प्रोग्रॅममध्ये कोण कोण वापरणार त्याची यादी दुसऱ्या एका छोट्या फाईलमध्ये असते. ती गेली."

"तुम्हीच पुसलीत."

"तुम्हीच सांगितलं पुसा म्हणून. माझ्यावर पत्रक काढू नका, मी गरीब माणूस आहे." तो हसला, मी नाही. "नुसतं नाव टाकून जमणार नाही. यादी बनवताना जे नाव, जी संस्था आणि जे कोड टाकले होते, ते सगळे तसेच्या तसे पाहिजेत. मग ती यादी परत बनते. मालक कोण आहे ह्याचा?"

ज्याचे अधिकार मी काढून घेतले होते, तोच. अधिकार गेले तरी मालकाला ते पुन्हा स्वतःला देता येतात, एवढी सोय त्या प्रोग्रॅममध्ये होती. आमच्या ठरावात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बेडशाला गेले. तो अंगणात गाडी धूत होता, तीच लाल गाडी.

"बस," तो म्हणाला. "सुपरवायझरच्या घरची खुर्ची चालेल ना?"

मी उभीच राहिले आणि काय झालं ते सांगितलं. त्यानं पाण्याचा पाईप बंद केला.

"कोड मी तुला कागदावर लिहून दिले होते. जाताना."

"फाडले मी ते."

"का?"

"एका माणसाच्या हातात काही राहू नये म्हणून."

तो आत जाऊन वही घेऊन आला आणि मागच्या पानावरून मला सगळं उतरवून दिलं. चहा विचारला नाही. मी फाटकाशी पोचल्यावर म्हणाला, "संघटनेचं नाव जुनं टाक. तू बदललंस ते नाही चालणार."

त्या दुपारी मी त्याचं नाव, आमचं मवाळ नाव आणि त्याचे दोन्ही कोड एकेक अक्षर जुळवून टाकले. यादी बनली. त्याच्या नावानं आत शिरले आणि तक्ते उघडले. मावशी शेजारी बसली होती. तिचं पान काढलं. दिवाळीपर्यंत एकही खाडा नव्हता, कडेच्या रकान्यात प्रत्येक नोंदीपुढे त्याचं नाव. दिवाळीनंतर काहीच नव्हतं.

मला वाटलं, फाईल अर्धी खराब झाली. दुसरी बाई पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांचं दिवाळीपर्यंतच होतं. अधिकार सगळ्यांना सारखे होते, त्यामुळे चिठ्ठ्या कोणीतरी चढवत असेल असं प्रत्येकाला वाटत होतं. मलाही वाटत होतं. मी पत्रकं लिहीत होते.

चिठ्ठ्या ठेवायचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खिडकीत होता, झाकणाशिवाय, पश्चिमेच्या उन्हात. मी तो टेबलावर उपडा केला. होळीनंतरच्या चिठ्ठ्या फिकट झाल्या होत्या, पण वाचता येत होत्या. त्याआधीच्या कोऱ्या होत्या. मावशीनं एकेक उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली. तिला फारसं वाचता येत नाही. ती विचारत राहिली, "ही माजी हाय का?" आणि मला सांगता येईना.

"तुला दिल्या तवा काळ्या हुत्या गं," ती म्हणाली.

सुनावणीला ती डबा घेऊन गेली. मी नको म्हणत होते. साहेबांनी एक चिठ्ठी उजेडाकडे धरली आणि विचारलं, "हे काय आहे?"

"हजेरी हाय, साहेब."

साहेब वाईट वागले नाहीत. चिठ्ठी पुन्हा डब्यात ठेवली आणि ठेकेदाराचा कागद ग्राह्य धरला. त्यावर शिक्का होता. नव्या ठेकेदाराच्या यादीत मावशी नव्हती. ह्या वेळी पत्रक काढायचं तर कोणावर, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. मी ते काढलं नाही. त्याच्यावरचं जुनं मागे घेतलं, दोन ओळींत, गिरणीच्या दाराशी चिकटवून. त्या गावात तो आता येत नाही, त्यामुळे त्यानं ते वाचलं नसेल.

आता मी रोज संध्याकाळी चिठ्ठ्या चढवते. तक्त्यांवरचं मालकाचं नाव बदललेलं नाही.

मागच्या महिन्यात पवनानगरला जाणाऱ्या जीपमध्ये मावशी भेटली. ती धरणाकाठी पर्यटकांना तंबू देणाऱ्या एकाकडे भांडी घासते. मी विचारलं, तिकडे हजेरी कशी लावतात.

"न्हाई लावत," ती म्हणाली. "चिठ्ठी बी न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं हाय. तुज्याकडं द्याया नको."

जीपमधले दोघे-तिघे हसले. त्यांना वाटलं, ती माझी थट्टा करतेय.