ठळक अक्षरं, मुका फोन

माझ्या शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या बेळगावच्या लक्ष्मीअक्कानं वाचवलं, नाहीतर आज माझी नोकरी गेली असती. पाचवीत शाळा सुटली, त्यामुळे इथे बंगळुरात शिलाई कारखान्याच्या ग्रुपवरचं इंग्रजी मला फोनच वाचून दाखवतो. काल साहेबांच्या सूचनेतला नमस्कार त्यानं वाचला, धन्यवादही वाचलं. मधली ओळ गिळली. ती नटव्या, जाड अक्षरांत होती; तसली सजवलेली अक्षरं फोनला अक्षरं वाटतच नाहीत, तो ती सोडून पुढे जातो.

अक्कानं बोट ठेवून वाचलं. "अगं खुळे, उद्यापासून गेट सातलाच बंद होतंय की! आठला येऊन काय भिंतीला शिवतीस?"

महत्त्वाचं म्हणून सजवलं आणि ऐकणाऱ्यापासून नेमकं तेच हिरावलं. चीड येते या हौसेची. साधं लिहिलं असतं तर साहेबांची शोभा गेली असती?

अक्का, मी इंग्रजी वाचायला शिकतेय. तुझे डोळे थकतील, तेव्हा तुझं सगळं मी वाचून दाखवीन.